शुक्रवारचा प्रश्न

डोलिना मॅकऑलीइतकी देवभीरू बाई स्कॉटलंडच्या आमच्या लुईस बेटाच्या उत्तर टोकाला दुसरी नाही, हे तिच्याशी न पटणाऱ्या बायकाही कबूल करत. आणि ही डोलिना आयुष्यात एकदाही प्रभुभोजनाच्या मेजावर बसली नव्हती. बाहेरच्या माणसाला यात काहीतरी चुकल्यासारखं वाटेल. आम्हाला वाटत नाही. पांढरी चादर घातलेल्या त्या लांब मेजावर आमच्याकडे मूठभर माणसं बसतात, आणि बाकीचं भरलेलं चर्च मागे मान खाली घालून बघत राहतं. पात्रता नसताना ख्रिस्ताच्या आठवणीची ती भाकर खाल्ली तर खाणारा आपल्याच हातानं स्वतःवर दंड ओढवून घेतो, हे आम्हाला दुधाबरोबर पाजलेलं असतं. पात्र कोण, हे मात्र कुणी पाजत नाही. म्हणून जो खरा भितो तो मागच्या बाकावर म्हातारा होतो.

तिच्या एकुलत्या एक मुलाचं, फिनलेचं, सगळं उलटं. तो एकोणिसाव्या वर्षीच मेजावर जाऊन बसला. गावातल्या म्हाताऱ्यांनी भुवया उंचावल्या, पण पोराचं वागणं चोख होतं, आणि प्रश्नोत्तरावली तर आईनंच मागावर बसल्या बसल्या त्याच्याकडून घोटून घेतली होती. नवरा समुद्रात बुडाल्यापासून त्या मागावरच तिनं घर चालवलं आणि पोराला एडिनबरोला पाळक व्हायला पाठवलं.

"तुझं बरं आहे बाबा," ती त्याला म्हणायची. "पुस्तक वाचलंस आणि गेलास. मला मेलीला पुस्तक मिटल्यावर सगळं आठवायला लागतं."

त्या उन्हाळ्यात फिनले शेवटच्या सुट्टीवर घरी आला तेव्हा त्याच्या डोक्यावर एकच ओझं होतं. येत्या वसंतात प्रेस्बिटरीसमोर, म्हणजे आसपासच्या मंडळ्यांच्या पाळकांच्या आणि वडीलधाऱ्या एल्डरांच्या सभेसमोर, त्याची परीक्षा होती. मंडळीच्या विश्वासांगीकाराच्या पुस्तकाची तेहतीस प्रकरणं. देवाचं असणं, त्याचा संकल्प, निवडलेले आणि न निवडलेले, पाप, कृपा, शेवटचा न्याय. ती नुसती पाठ असून भागत नाही. कुणी आडवा प्रश्न घातला तर उभं राहून त्यांची बाजू लढवावी लागते, आणि शेवटी हा माझाच विश्वास आहे असं म्हणून सही करावी लागते. सही केली की माणूस प्रवचनाला उभा राहायला मोकळा.

सकाळी तो माळावर जाऊन पीटच्या, म्हणजे जळाऊ मातीच्या, ढेपा उलटवायचा, म्हणजे हिवाळ्यासाठी जळण वाळेल. दुपारी घरात येरझाऱ्या घालत प्रकरणं म्हणायचा. आई चुलीपाशी पुस्तक मांडीवर घेऊन बसायची आणि ओळीखाली बोट फिरवत ताडून बघायची. वसंतापासून तिला मागावर बसवत नव्हतं. स्टॉर्नोवेच्या डॉक्टरांनी फिनलेला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हृदय दमलंय. शरद ऋतू बघेल ती. हिवाळ्याचं आपण बोलू शकत नाही.

अठरावं प्रकरण तारणाच्या खात्रीचं. त्याचे तसे दोन भाग पडतात. आधी येतात ढोंगी, जे आपलं देवाशी बरं चाललंय अशा खोट्या आशेवर जगतात आणि शेवटी तोंडघशी पडतात. मग येतात खरे विश्वासणारे, आणि तिथे लिहिणाऱ्यांनी मोठ्या मनानं कबूल केलंय की खऱ्या माणसालाही ही खात्री लगेच मिळते असं नाही. तो वर्षानुवर्षं वाट बघतो, झगडतो, अंधारात चाचपडतो, आणि तरी तो खराच असतो.

फिनलेनं ते घडाघडा म्हटलं.

"परत म्हण," आई म्हणाली.

"चुकलो का कुठे?"

"नाही. शेवटचं तेवढं परत म्हण."

त्यानं म्हटलं. तिनं पुन्हा म्हणायला लावलं. आपण एखाद्या शब्दाला अडखळतोय असं वाटून हा शहाणा बाहेर गेला आणि कोंबड्यांना दाणे टाकत तेच प्रकरण घासूनपुसून लख्ख करून आला. आई पुस्तक तसंच उघडं ठेवून बसली होती. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"आई, या पानावर तू आहेस."

"गप रे. त्या पानावर चांगली माणसं आहेत."

"अगं, खात्री नसणं म्हणजे विश्वास नसणं नव्हे. तेच तर लिहिलंय इथे."

"लिहिलंय ना? मग असू दे लिहिलेलं," ती म्हणाली आणि बटाट्यांखालची आच सारायला उठली.

तेव्हापासून फिनलेला एकच ध्यास लागला. येत्या सप्टेंबरच्या प्रभुभोजनाला आई मेजावर दिसली पाहिजे. नंतरचं प्रभुभोजन मार्चमध्ये, आणि मार्चचं काय ते डॉक्टरांनी सांगूनच टाकलं होतं. आई मागच्या बाकावरून मेली तर ती वाचली असं त्याला पुस्तकानं कळेल, पण तिला कळणार नाही. ती भीत भीत मरेल.

पण आमच्याकडे या गोष्टी आई-मुलात बोलायच्या नसतात. पीक, हवा, शेजारणीचं बाळंतपण, यावर दिवसभर बोला. आत्म्याचं विचारलंत तर समोरचा खिडकीबाहेर बघतो. जे बोलायचं ते शुक्रवारी, चर्चमध्ये, सगळ्यांसमोर, आणि तेही पुरुषांनी.

सप्टेंबर आला तसं गाव पाहुण्यांनी भरलं. प्रभुभोजनाचे पाच दिवस म्हणजे दुसऱ्या गावांची माणसं येणार, घराघरांत उतरणार, जमिनीवर गाद्या पडणार, मटणाचं सूप आणि खारवलेल्या हेरिंग माशांचे ढीग उठणार. डोलिनाकडे दरवर्षीप्रमाणे पश्चिमेकडची मोराग आली. ती विधवा, डोलिनाच्याच वयाची, आणि तिच्यासारखीच मागच्या बाकावरची. दोघी एकाच पलंगावर झोपायच्या आणि शाळकरी पोरींसारख्या कुजबुजायच्या.

गुरुवारी जेवायला पाहुणे पाळक रेव्हरंड गिलीज होते. कोरडा, हुशार, धारदार माणूस. वसंतात प्रेस्बिटरीत फिनलेची परीक्षा हेच घेणार होते. सूप फुंकत ते म्हणाले, "काय फिनले, कॉलेजात हल्ली सगळ्यांनाच तारणाची खात्री असते म्हणे. पेपरमिंटच्या गोळ्या वाटाव्यात तशी वाटतात."

सगळे हसले. फिनलेही हसला, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मोराग आणि आई वाढता वाढता थांबल्या होत्या, हे त्यानं पाहिलं नाही.

शुक्रवार हा प्रश्नाचा दिवस. मंडळीतला एखादा जाणता पुरुष उठतो आणि प्रश्न ठेवतो: अमक्या वचनाप्रमाणे खरा विश्वासणारा कसा ओळखावा, त्याच्या खुणा सांगा. मग पाळक एकेकाचं नाव घेतात आणि तो उठून आपल्या अनुभवातलं सांगतो. त्या शुक्रवारी रोरी उठला. रोरी त्यांच्याच वाडीतला, मच्छीमार, मंडळीचा एल्डर. एरवी प्रश्न ठेवायला कधी न उठणारा. हातातली टोपी पिळत तो म्हणाला, "ज्याला खात्री वाटत नाही, पण सोडूनही जाववत नाही, अशा माणसाच्या खुणा सांगा. तो देवाचा आहे हे त्याला कशावरून कळावं?"

चर्चमध्ये एक उसासा फिरला. एकामागून एक म्हातारे उठले. कुणी म्हणालं, आपल्याला देवाची माणसं आवडतात एवढीच माझ्याजवळची खूण आहे. कुणी बोलता बोलता रडून बसलं. मागे बायकांच्या बाकांवर हॅटच्या कडेखाली रुमाल निघाले. मग पाळकांनी नाव घेतलं, "फिनले मॅकऑली."

तो उठला तेव्हा त्याच्या मनात दुसराच भाग होता. झगडणाऱ्यांचा, वाट बघणाऱ्यांचा. खरं सांगायचं तर तो भाग त्यानं आईसाठीच जुळवून आणला होता. पण उठताना त्याची नजर गिलीज साहेबांवर गेली. हात बांधून, मान जराशी कलती करून ते बसले होते. पेपरमिंटवाल्याकडे बघावं तसं. फिनलेनं सुरुवात पहिल्या भागापासून केली आणि तो त्या भागातून बाहेर आलाच नाही.

"सोप्या खुणांपासून सावध राहा," तो म्हणाला. "रडू ढोंग्यालाही येतं. स्तोत्र ऐकून गहिवर त्यालाही येतो. देवाची माणसं आवडतात म्हणता? ती जगालाही आवडतात, निरुपद्रवी असली की. आणि मेजाकडे यावंसं वाटणं, ही तर सगळ्यात स्वस्त खूण. आयुष्यभर जी इच्छा झोपली होती ती मरण दारात आल्यावर जागी झाली, तर माणसानं स्वतःला विचारावं, ही देवाची ओढ आहे की नुसती मरणाची भीती?"

वाक्य त्याचं नव्हतंच, कॉलेजातल्या कुठल्याशा व्याख्यानातलं होतं. पण ते असं काही वाजलं की चर्चमधल्या खाली घातलेल्या माना वर झाल्या. पुरुषांनी खोल सुस्कारे टाकले, आणि आमच्याकडे त्याहून मोठी शाबासकी नाही. गिलीज साहेबांनी बांधलेले हात सोडले आणि मान हलवली. फिनले खाली बसला तेव्हा त्याला फार, फार बरं वाटत होतं. रोरीनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

घरी जाताना आई मोरागच्या हाताचा आधार घेऊन चालली होती. "चांगलं बोललास," ती म्हणाली. "अडखळला नाहीस कुठे."

शनिवारी प्रार्थना संपली की एल्डर बाजूच्या खोलीत बसतात. ज्याला पहिल्यांदा मेजावर यायचं असेल त्यानं त्या दारातून आत जायचं, दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि प्रभुभोजनाचा बिल्ला घेऊन बाहेर यायचं. सगळं गाव बाहेर भिंतीला टेकून हवेबद्दल बोलत असतं आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून दारावर लक्ष ठेवून असतं. त्या शनिवारी दारातून कुणीच आत गेलं नाही. माणसं पांगली तसा रोरी बाहेर आला आणि थेट फिनलेकडे.

"आई कुठाय तुझी?"

"गेली घरी. का हो, रोरीकाका?"

"आली नाही ती."

"कुठे?"

रोरीनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. "बुधवारी माझ्याकडे आली होती. तो चढ चढून, त्या छातीनं. म्हणाली, रोरी, मी यंदा येणार. म्हणाली, माझा पोरगा एक प्रकरण म्हणतो, ते ऐकून धीर आलाय. फक्त शुक्रवारी काय ऐकू येतं ते बघते आणि येते."

फिनलेनं घराच्या वाटेकडे पाहिलं.

"तो प्रश्न मी तिच्यासाठी ठेवला होता रे गाढवा," रोरी म्हणाला. आवाज चढवला नव्हता त्यानं. "सगळ्या म्हाताऱ्यांना कळलं कुणासाठी आहे ते. तुला तेवढं कळलं नाही."

फिनले घरापर्यंत पळत गेला. आई दारातल्या बाकावर बसून रविवारचे बटाटे सोलत होती, कारण रविवारी सुरीला हात लावायचा नसतो. मोराग विहिरीवर गेली होती. हीच वेळ होती.

"आई, काल मी जे बोललो ते तुझ्याबद्दल नव्हतं."

"मी कुठे म्हटलं माझ्याबद्दल होतं?"

"रोरीकाकांनी सांगितलं मला."

तिची सुरी थांबली, मग पुन्हा चालू झाली. "रोरीच्या तोंडात तीळ भिजत नाही."

"आई, खोली अजून बंद झाली नसेल. मी येतो तुझ्याबरोबर. चल."

"बाळा, तू विचारलंस ना, ही ओढ आहे की भीती? मी काल रात्रभर तेच विचारत होते स्वतःला. भीतीच आहे रे. छातीत कळ येते तेव्हा इच्छा होते, कळ थांबली की जाते. तू बरोबर बोट ठेवलंस."

"ते मी बोट-बिट ठेवलं नव्हतं! गिलीज साहेबांना दाखवायला बोललो मी. शेखी मिरवायला. वाक्यसुद्धा माझं नव्हतं. मला दुसरंच सांगायचं होतं आणि मी पोकळ ढोंगीपणा केला, आई, ऐकतेस का?"

इतकं खरं तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. आईनं सुरी खाली ठेवली, ओला हात त्याच्या गालाला लावला आणि हसली.

"आईचं मन राखायला देवाच्या घरात बोललेलं खोटं ठरवतोस? असं करू नये. उद्याचा पाळक तू."

"अगं, पण ते खरंच..."

"तू मंडळीसमोर उभं राहून मनात नसलेलं बोलणार नाहीस. मी वाढवलाय तुला."

झालं. शेखीसाठी बोललेला शब्द तिनं देवाचा म्हणून घेतला होता, आणि जीव तोडून सांगितलेलं खरं तिला पोराची माया वाटत होती. आपण ढोंगी आहोत हे तिला पटवून द्यायचं, तर तिच्या हातात उरलेली एकच चांगली गोष्ट काढून घ्यायची. तरीही त्यानं ते केलं असतं. पण ती पटवून घ्यायलाच तयार नव्हती. मोराग पाण्याच्या बादल्या घेऊन आली आणि बोलणं तिथेच थांबलं.

रविवारी फिनले मेजावर बसला. बसला नसता तर शंभर तोंडांनी शंभर कारणं शोधली असती, आणि आईला वाटलं असतं ते आपल्यामुळे. पांढऱ्या चादरीवरून भाकर हातोहात आली. त्यानं तुकडा मोडला आणि त्याला गिळता येईना. मागच्या बाकावर काळी हॅट घातलेली आई मान खाली घालून बसली होती. नवी हॅट, या रविवारसाठी घेतलेली. शेवटी प्याल्यातल्या घोटाबरोबर त्यानं तो तुकडा ढकलला.

डोलिना जानेवारीत गेली. बाहेर तीन दिवस वादळ होतं आणि फिनले कॉलेजातून येऊन आठवडाभर तिच्या उशाशी होता. शेवटच्या सकाळी त्यानं तिचा हात धरून अठराव्या प्रकरणाचा तो दुसरा भाग म्हणायला घेतला, झगडणाऱ्यांचा, वाट बघणाऱ्यांचा. ती ऐकत होती. सवयीनं तिचं बोट पांघरुणावर ओळीखाली फिरल्यासारखं फिरत होतं.

"परत म्हणू?" त्यानं विचारलं.

"नको. पाठ आहे तुला," ती म्हणाली. "ते ज्यांचं आहे त्यांना सांग, हं. त्यांना उपयोग होईल." आणि जरा वेळानं, "फिनले, मला भीती वाटते रे."

तो प्रार्थना करत राहिला. ती गेली तेव्हाही तिच्या चेहऱ्यावर भीतीच होती. शेजारणी म्हणाल्या की कशी शांत दिसते, पण त्या दरवेळी तेच म्हणतात.

मे महिन्यात प्रेस्बिटरी भरली. गिलीज साहेबांनी एकामागून एक प्रकरणं विचारली आणि फिनलेनं उत्तरं दिली. अठराव्याला ते थांबले. "खात्री नसलेला माणूस खरा विश्वासणारा असू शकतो काय?"

"असू शकतो, सर."

"किती काळ?"

"आयुष्यभरसुद्धा," तो म्हणाला.

"उत्तम. आणि सप्टेंबरात त्या शुक्रवारी तुम्ही याची दुसरी बाजू मांडली होतीत, ती मी अजून विसरलो नाही." साहेबांनी सभेकडे बघून मान डोलावली. मागे बसलेला रोरी जमिनीकडे बघत होता.

मग सही. फिनलेनं पेन घेतलं. नाकारावं असं त्या तेहतीस प्रकरणांत त्याला काही सापडत नव्हतं. एक वाक्य जरी खोटं वाटलं असतं तरी त्याचा धागा धरून तो उठून गेला असता, आईला भीत भीत मरायला लावणाऱ्या पुस्तकावर सगळा दोष ढकलला असता. पण पुस्तकात काहीच चुकलेलं नव्हतं. पुस्तकात तिच्यासाठी जागा होती. त्यानंच ते अर्ध्यावर मिटलं होतं. त्यानं सही केली आणि सगळ्यांनी हात मिळवले.

बाहेर पायऱ्यांपाशी मोराग उभी होती. पश्चिमेकडून खास बसनं आली होती. तिनं त्याचे दोन्ही हात धरले.

"तुझी आई आज हवी होती रे."

"हो, मोरागमावशी."

"एक सांगायचं राहिलं होतं तुला. मागे बोलायचा धीर नव्हता. त्या सप्टेंबरात आम्ही दोघींनी ठरवलं होतं, शनिवारी बरोबरच आत जायचं, हातात हात धरून. एकटीला जमलं नसतं ना." ती लाजल्यासारखी हसली. "आणि शुक्रवारी तू बोललास. आम्ही दोघी घरी येऊन रडलो, आणि देवाचे आभार मानले. केवढ्या पापातून वाचवलंस आम्हाला. आता मला काही तो विचार पुन्हा शिवायचा नाही."

"मावशी, तुम्ही जायला हवं होतं. दोघींनी जायला हवं होतं. मी चुकीचं बोललो त्या दिवशी. ऐका माझं, या सप्टेंबरात तरी जा."

मोरागनं त्याच्याकडे कौतुकानं पाहिलं आणि त्याच्या गालाला हात लावला.

"किती मऊ मन आहे तुझं," ती म्हणाली. "डोलिनानं सांगितलं होतं मला, तू असंच म्हणशील म्हणून."

आणि बस सुटेल म्हणून ती लगबगीनं निघाली.